थंडीचे दिवस आणि ट्रॅक्टरच्या टायरमधील हवेचा दाब

बेळगाव-निपाणी परिसरात थंडी आणि उसाचा गळीत हंगाम एकाच वेळी येतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान 15 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, तर दुपारी ते 30 अंशांच्या जवळ जाते. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हा फरक दुर्लक्षून चालत नाही.

टायरचे आकारमान जवळजवळ स्थिर असल्याने आतील हवा थंड झाली की दाब घटतो. हे गणित करताना विद्यार्थी गेजवरचा आकडा थेट सूत्रात घालतात, ही नेहमीची चूक होय. गेज फक्त वातावरणाहून अधिक असलेला दाब दाखवतो. सूत्रात एकूण दाब आणि केल्विनमधील तापमान घ्यावे लागते. सुमारे 750 मीटर उंचीवरील बेळगावात वातावरणाचा दाब चौरस इंचास सुमारे 13.4 पौंड धरता येईल. दुपारी 30 अंशांवर मागील टायरमध्ये 14 पौंड हवा असल्यास एकूण दाब 27.4 पौंड होतो. पहाटे 15 अंशांवर तो 27.4 × 288 ÷ 303, म्हणजे सुमारे 26 पौंड उरतो आणि गेजवर 12.6 पौंड दिसतात. चुकीच्या रीतीने घट 0.7 पौंड येते. खरी घट त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे दहा टक्के असते.

कमी हवेच्या टायरवर ओझे पडले की त्याच्या बाजू अधिक वाकतात, टायर तापतो आणि आतून झिजतो. जोर लावताना तो रिमवर सरकून व्हॉल्व तुटण्याचाही धोका असतो. भरधाव रस्त्यावर याची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही.

म्हणून हवा सकाळी, ट्रॅक्टर निघण्यापूर्वी मोजावी व कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे भरावी. शेतातील काम आणि रस्त्यावरील वाहतूक यांसाठी दाब वेगळा असतो. दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसला तरी हवा सोडू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच हवा कमी पडते. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरले असल्यास व्हॉल्व वरच्या बाजूस आणून मोजावे, अन्यथा पाण्याचा दाबही आकड्यात मिसळतो.

अध्यापकांनी एकाच टायरचा दाब पहाटे व दुपारी मोजून घेण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांना द्यावा. वर्गातील नियम आणि घरचा ट्रॅक्टर यांचा संबंध त्यांना त्यातून आपोआप उमगेल.