दशमान गणननलिका व आधारांकाचा प्रश्न

इलेक्ट्रॉनीय गणनयंत्र म्हणजे द्विमान यंत्र, हे समीकरण आज इतके रूढ झाले आहे की, आरंभीच्या दशमान यंत्रांची गणना सहसा अपरिपक्व प्रयत्नांत केली जाते. हे मत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१९४५ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठात पूर्ण झालेल्या एनिअॅक यंत्रात एका दशमान अंकासाठी दहा द्विस्थिर मंडलांची साखळी योजलेली होती. वस्तुतः अशा चार मंडलांच्या सोळा अवस्थांतून दहा अंक सहज दर्शविता येतात. तेव्हा या रचनेत दशमान पद्धती खर्चाची ठरली, यात संशय नाही.

१९५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये प्रचारात आलेल्या डेकाट्रॉन नलिकेने मात्र हा हिशेब पालटला. अल्प दाबाच्या वायूने भरलेल्या या नलिकेत मध्यभागी चकतीसारखे धनाग्र व सभोवती वर्तुळाकार तीस ऋणाग्रे असतात : दहा अंकदर्शक आणि लगतच्या दोन अंकांमध्ये दोन-दोन मार्गदर्शक. मार्गदर्शकांना क्रमाने ऋण स्पंद दिले असता, निकटचा वायू आधीच आयनीभूत असल्याने दीप्ती शेजारी सरकते व स्पंद ओसरताच पुढील अंकावर स्थिरावते. स्पंदांचा क्रम उलटविल्यास गणना उलट चालते. दीप्ती नवावरून शून्यावर आली की हातचा पुढील नलिकेकडे पाठविला जातो. येथील दहा अवस्था या विद्युद्दाबाच्या दहा पातळ्या नसून नलिकेतील दहा जागा होत. म्हणून पातळ्या ओळखण्यात प्रमाद होतो, हा दशमान रचनेवरील नेहमीचा आक्षेप येथे लागू पडत नाही.

उणीव होती ती वेगाची. वायूतील आयन नाहीसे होण्यास काळ लागत असल्याने सामान्य नलिका सेकंदास काही हजार स्पंदच मोजू शके. हार्वेल येथे १९५१ साली चालू झालेल्या यंत्रात ८२८ डेकाट्रॉन व ४८० रिले होते. एका गुणाकारास त्याला ५ ते १० सेकंद लागत. तथापि मे १९५२ ते फेब्रुवारी १९५३ या काळात ते आठवड्यास सरासरी ८० तास चालले. पुढे वुल्व्हरहॅम्प्टन येथे ते १९७३ पर्यंत अध्यापनासाठी वापरात होते, आणि २०१२ साली ब्लेचली पार्क येथे ते पुन्हा चालू करण्यात आले.

यावरून असे दिसते की, आधारांकाची निवड केवळ अंकगणिताने ठरत नाही. जलद व स्वस्त द्विस्थिर घटक उपलब्ध झाल्यावर द्विमान पद्धतीची सरशी झाली, हे खरे. परंतु जेथे वेगापेक्षा विश्वासार्हता व काटकसर यांना अधिक मोल होते, तेथे दशमान नलिकेची निवड विचारपूर्वकच झालेली होती.