विज्ञानसंस्था आणि होतकरू संशोधक

विज्ञानाचे कार्य प्रयोगशाळेत चालते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी असली तरी अपुरी आहे. हाती आलेला निष्कर्ष त्याच विषयाच्या इतर अभ्यासकांपुढे मांडावा, त्यांनी त्याची कसून छाननी करावी आणि मगच तो ग्राह्य धरला जावा, अशी विज्ञानाची रीत आहे. निरनिराळ्या शास्त्रांच्या परिषदा, सोसायट्या व अकादमी हे कार्य करतात. तथापि, संशोधनक्षेत्रात नुकतेच पाऊल ठेवलेल्या तरुणांना, विशेषतः तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना, या संस्था फार दूरच्या वाटतात. हे अंतर कसे कमी करता येईल, याचा विचार शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनीही करणे अगत्याचे आहे.

एक बोलके उदाहरण

इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची स्थापना 1907 साली झाली. तिचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर हे कोणी प्रख्यात प्राध्यापक नव्हते. ते महसूल खात्यात डेप्युटी कलेक्टर होते. परदेशी नियतकालिके एकट्याला विकत घेणे परवडत नाही, म्हणून सर्वांनी वर्गणी काढून ती मागवावीत आणि टपालाने आळीपाळीने वाचावीत, असा मूळचा साधा हेतू होता. संस्थेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते.

1910 च्या सुमारास एक बेकार तरुण कचेरीत कारकुनाची जागा मागण्यासाठी रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेला. महाविद्यालयीन परीक्षेत तो नापास झालेला होता. जवळ होती ती केवळ गणिताची वही. तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. वही चाळल्यावर अय्यर यांनी त्याला कारकुनी दिली नाही, तर मद्रासमधील गणितज्ञांच्या नावे परिचयपत्रे दिली. पुढे सोसायटीचे सचिव आर. रामचंद्रराव, जे स्वतः कलेक्टर होते, यांनी दरमहा 25 रुपये देऊन त्याचा चरितार्थ चालविला. सोसायटीच्या नियतकालिकात 1911 साली त्याचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सोसायटीचे कोषाध्यक्ष एस. नारायण अय्यर मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये अधिकारी होते. 1912 साली रामानुजनला तेथेच नोकरी मिळाली. केंब्रिजच्या हार्डी यांना त्याने पत्र लिहिले ते त्यानंतर, 1913 च्या जानेवारीत.

रामानुजनची प्रतिभा उपजत होती, हे निर्विवाद. परंतु ती ओळखणारी माणसे, ती छापणारे नियतकालिक आणि पोटापाण्याची सोय या तिन्ही गोष्टी एका लहानशा संस्थेच्या सभासदांमुळे जुळून आल्या.

आजची स्थिती

त्यानंतर देशात अशा संस्थांचा बराच विस्तार झाला. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 1974 पासून तरुण शास्त्रज्ञांसाठी पदक सुरू केले. 2014 साली भारतीय राष्ट्रीय तरुण विज्ञान अकादमी स्थापन झाली. आपल्या राज्यात 1966 साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने मराठीतून विज्ञानप्रसाराचे कार्य चालविले असून तिची अधिवेशने ठिकठिकाणी भरत आली आहेत.

मात्र केवळ वर्गणी भरल्याने सभासद संस्थेत रुळत नाही. अधिवेशनास गेलेला नवखा संशोधक पुष्कळदा मागच्या रांगेत बसून, कोणाशीही न बोलता परततो. यावर उपाय साधे आहेत. ज्येष्ठ सभासदाने त्याला सोबत नेऊन चार जणांशी ओळख करून द्यावी. पहिल्या वर्षी भाषणाचा आग्रह न धरता भित्तिफलकाद्वारे काम मांडण्यास सुचवावे. तेथे प्रश्न विचारणारा समोरासमोर उभा असतो आणि संकोच लवकर जातो. संस्थांनीही तरुणांना स्वागत, नोंदणी यांपुरतेच न राबविता निबंधांची निवड, पत्रिकेचे संपादन, कार्यकारिणी यांत स्थान द्यावे. जबाबदारीमुळे आपलेपणा येतो.

आपला वाटा

प्राचार्य व कार्यालयप्रमुखांच्या हाती रजा, प्रवासखर्च व शिफारस या तीन गोष्टी असतात. अधिवेशनास जाण्याची रजा ही सवलत न समजता कामाचाच भाग समजावी. संशोधकाने परत आल्यावर सहकाऱ्यांपुढे वृत्तांत सादर करावा, म्हणजे एकाच्या प्रवासाचा लाभ अनेकांना होईल. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी स्वतः सभासद व्हावे. शिक्षकच सभासद नसेल, तर विद्यार्थ्याला ही वाट दाखविणार कोण? ग्रामपंचायती व पंचायत समित्यांनी पाणी, माती, पिकांवरील रोग यांसारख्या स्थानिक प्रश्नांवर बोलण्यासाठी परिसरातील तरुण संशोधकांना अगत्याने बोलवावे. गावाला माहिती मिळेल आणि संशोधकाला आपले काम सोप्या भाषेत मांडण्याचा सराव होईल.

एका डेप्युटी कलेक्टरने एक वही लक्षपूर्वक चाळली, एवढ्यावरून पुढचे सर्व घडत गेले. अशा वह्या आपल्याही तालुक्यात असतील. त्या उघडून पाहण्याइतका वेळ प्रत्येकाने काढावा, हीच अपेक्षा.