शंखातले बिऱ्हाड

घरात मासे पाळणारा माणूस दुकानात जातो तो रंग पाहायला. गप्पी, गोल्डफिश यांच्या बाबतीत ते खपूनही जाते. परंतु आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात सिक्लिड कुळातील काही चिमुकले मासे असे आहेत की, त्यांची निवड रंगावरून करणाऱ्याची हमखास पंचाईत होते. त्यांचे बिऱ्हाड कसे आहे, हे आधी विचारावे लागते. गोगलगायीचा रिकामा शंख हेच त्यांचे घर, प्रसूतिगृह आणि संकटकाळचा किल्ला!

हे सरोवर टांझानिया, काँगो, बुरुंडी व झांबिया या चार देशांत पसरलेले आहे. लांबी सुमारे ६७० किलोमीटर आणि खोली सुमारे १,४७० मीटर. पाणी जड व क्षारीय, त्यामुळे मेलेल्या गोगलगायींचे शंख विरघळत नाहीत. निओथौमा जातीच्या शंखांचे तर तळाशी ठिकठिकाणी थर साचले आहेत. उघड्या वाळूवर बोटाएवढ्या माशाने लपावे तरी कोठे? त्याने शंख गाठला.

मात्र शंख एकच असला तरी संसार निरनिराळे. मल्टिफॅशिएटस हा सिक्लिडांतला सर्वांत लहान. नर चार-साडेचार सेंटिमीटरांचा, मादी त्याहून लहान. अंगावर बारीक उभे पट्टे, बाकी रंगरूप बेताचेच. पण हे खरे एकत्र कुटुंब! पिले मोठी झाली तरी वाड्यातच राहतात. दिवसभर तोंडाने वाळू उपसण्याचा उद्योग चाललेला असतो. चाळीस-पन्नास लिटरच्या पेटीत त्यांची वसाहत सुखाने नांदते. नवख्याने हाच मासा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑसेलॅटस दिसायला अधिक देखणा. कल्ल्यावर डोळ्यासारखा ठिपका आणि चेहऱ्यावर कायमचा राग. हा आपला शंख वाळूत पुरून केवळ तोंड उघडे ठेवतो. पाहात बसावे असे ते काम; पण स्वभाव तापट. लहान पेटीत दोन नर ठेवले तर दुबळ्याला पळायला जागा उरत नाही आणि तो मार खाऊन मरतो. सरोवरात तो दूर निघून गेला असता. काचेच्या चार भिंतींत कोठे जाणार? म्हणून एक नर, दोन-तीन माद्या आणि शंखांत वीतभर अंतर. भांडण नकोच असेल तर ब्रेव्हिस बघावा. त्याचे जोडपे एकाच शंखात राहते आणि फारशी जागाही अडवीत नाही.

कॅलिप्टेरसचा प्रकार विलक्षण आहे. नराचे वजन मादीच्या बारा पटींहून अधिक. शंखात तो मावतच नाही. तो तोंडाने शंख उचलून आणून ढीग रचतो, शेजाऱ्याचे शंख पळवतो, कधी कधी आतल्या मादीसकट! त्याचा संसार वाचावा, फार तर मोठ्या मत्स्यालयात पाहावा. घरच्या पेटीत आणू नये.

या जाती एकमेकींत मिसळण्याचा मोहही टाळावा. जागा थोडी आणि घरे मोजकी असली की जबरदस्ताचेच चालते.

आता पाण्याचे. मुंबई-पुण्याकडचे धरणाचे नळाचे पाणी मऊ. ते या माशांना मानवत नाही. शिंपल्यांचा चुरा घातला तर पाण्याचा जडपणा वाढतो. दख्खनच्या पुष्कळ विहिरींचे पाणी मुळातच जड असते, तेथे हा खटाटोप कमी. तळाशी बारीक वाळू चांगली पाच सेंटिमीटर हवी. खडी घातली तर उकरणाऱ्या माशाचा जन्मच फुकट! निओथौमाचे शंख आपल्याकडे कोठून मिळणार? भाताच्या खाचरातल्या मोठ्या गोगलगायींचे रिकामे शंख चालतात. ते उकळून, आतला मळ काढून घ्यावेत. संख्या माशांपेक्षा जास्तच असावी, निदान दुप्पट. आणि मल्टिफॅशिएटस घेताना नर-मादी ओळखण्याच्या भानगडीत न पडता सहा-आठ लहान पिले एकदम आणावीत. जोड्या ती आपल्या आपण जुळवतात.