पोरींच्या हातात बॅट कधी?

ताईंनो, मैंदर्गीच्या बैठकीत एकीनं विचारलं, "खेळाच्या तासाला पोरगी नुसती चेंडू आणायला पळते, मग शिकते काय?" माझंही शाळेत तसंच झालं. अकरा-अकराचा डाव लावला की चार जण खेळतात, बाकीचे उभे.

उपाय सोपा आहे. सहा-सहाचे गट, टेनिसचा चेंडू. आउट झालं तरी प्रत्येकानं सहा चेंडू पुरे खेळायचे, फक्त दोन धावा वजा. मग जागा बदलायची, म्हणजे बॉलिंग, कीपिंगही सगळ्यांना येतं.

आपल्याच जिल्ह्यातली किरण नवगिरे आधी ॲथलेटिक्स करायची. २०२२ मध्ये तिनं नागालँडकडून टी-२० सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या!

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. पुढच्या सभेत हा विषय काढाच.