हिमनदीचे गढूळ पाणी

गंगोत्री हिमनदीच्या मुखाशी, म्हणजे गोमुखाशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटरांवर, भागीरथी बर्फाच्या कपारीतून बाहेर पडते ती गढूळ होऊनच. जुलै-ऑगस्टमध्ये तिचे पाणी इतके राखाडी असते की काठच्या उथळ पाण्यातला गोटाही दिसत नाही. या गढूळपणाला घाण समजणे चूक आहे. गोमुखाच्या वर ना शेती, ना गाव, ना मातीचा जाड थर. पाण्यात असतो तो दळून बारीक झालेला डोंगर.

सह्याद्रीतल्या नद्याही पहिल्या पावसात गढूळ होतात, पण तो रंग मातीचा, म्हणजे हवापाण्याने दीर्घकाळ झिजून कुजलेल्या खडकाचा. हिमनदीच्या गाळातली खनिजे बहुतांशी मूळ खडकातलीच, ताजी असतात. गंगोत्रीच्या परिसरात ग्रॅनाइट आणि नाइस हे खडक असल्याने इथल्या गाळात क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक भरपूर सापडते.

हे दळण बर्फ एकटा करू शकत नाही. शून्य अंशाजवळचा बर्फ माणसाच्या नखापेक्षाही मऊ असतो. हिमनदीचा तळ वितळबिंदूच्या जवळ असेल तर तिथे पाण्याचा पातळ थर राहतो आणि त्यावरून सारी हिमनदी खाली सरकते. तळखडकाच्या भेगांत शिरलेले पाणी गोठले की तुकडे सुटतात, बर्फात रुततात आणि वरच्या प्रचंड भाराखाली खडकावरून फरफटत जातात. जात्याच्या दोन दगडांत दाणा भरडावा तसे दोन्हीकडचे दगड एकमेकांना झिजवतात. ज्या हिमनद्या तळाशी घट्ट गोठलेल्या असतात, त्यांच्याखाली हे काम फारच थोडे होते. वरच्या अंगाने दरडींचे दगडही हिमनदीवर पडत असतात, पण सर्वांत बारीक भुकटी मुख्यतः तळाशीच तयार होते.

या भुकटीचे बरेचसे कण ६३ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या सोळाव्या भागापेक्षा, लहान असतात. काही तर २ मायक्रॉनहूनही बारीक. कण किती काळ तरंगत राहतो हे आकारावर ठरते आणि त्यातला फरक थक्क करणारा आहे. थंड, संथ पाण्यात ६० मायक्रॉनचा कण १० मीटर खाली जायला साधारण सव्वा तास घेतो. २ मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी दीड महिन्याहून अधिक काळ लागतो. वाहत्या नदीत तर तो तळाशी बसतच नाही म्हटले तरी चालेल.

गाळाचे प्रमाण ऋतूनुसार आणि दिवसाच्या वेळेनुसारही बदलते. पहाटे प्रवाह कमी असतो. ऊन चढते तसे बर्फाच्या पृष्ठभागावरचे पाणी भेगांतून आणि खोल विवरांतून तळाच्या बोगद्यांत उतरते, आणि दुपारनंतर नदी फुगते. उन्हाळ्याच्या आरंभी हेच पाणी हिवाळाभर साठलेला गाळ धुऊन काढते. थंडीत प्रवाह रोडावतो आणि पाणी निवळते. रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने गोमुखाखाली भोजवासा येथे पाण्याचा प्रवाह आणि गाळ मोजला आहे. अशा नोंदींचे मोल मोठे आहे, कारण हिमनदीच्या पोटातले मार्ग डोळ्यांनी पाहता येत नाहीत. गाळाच्या चढउतारांवरून त्यांचा अंदाज बांधावा लागतो.

हेच पाणी तलावात विसावले की त्याचा रंग पालटतो. जाड कण मुखाशीच बसतात, अतिसूक्ष्म कण तरंगत राहतात. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, कण निळा-हिरवा प्रकाश विखुरतात, आणि तलाव पिरोजी दिसतो. नेपाळमधील गोक्योची सरोवरे आणि कॅनडातले पेटो सरोवर ही त्याची सुंदर उदाहरणे. या रंगाची दुसरी बाजू अशी की गढूळ पाण्यात प्रकाश खोलवर पोचत नाही आणि शेवाळाची वाढ खुंटते. तळाशी मात्र इतिहास साचतो. उन्हाळ्यात जाडसर फिकट थर, हिवाळ्यात बारीक गडद थर, अशी वर्षाला एक जोडी. स्वीडनचे भूवैज्ञानिक गेरार्ड डी गेर यांनी या जोड्या मोजून हिमयुगातील बर्फ कसा मागे हटला याचा कालक्रम लावला.

खडकाची ही भुकटी जमिनीलाही उपयोगी पडते. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत वाऱ्याने पसरलेल्या अशाच भुकटीतून सुपीक जमिनी तयार झाल्या. ग्रीनलंडमधली भुकटी शेतात पसरून पीक वाढते का आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला जातो का, याचे प्रयोग कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी केले आहेत.

हिमालयात मात्र तिच्याशी खरी गाठ पडते ती वीजनिर्मितीत. क्वार्ट्झ पोलादापेक्षा कठीण असते. वेगाने आदळणारे त्याचे कण टर्बाइनची पाती खरवडून काढतात. हिमाचल प्रदेशात सतलजवर १,५०० मेगावॉटचा नाथपा-झाकरी प्रकल्प आहे. तिथे पाणी बोगद्यात जाण्यापूर्वी भूमिगत गाळ-टाक्यांतून नेले जाते. त्यांची प्रत्येकी लांबी अर्ध्या किलोमीटरहून अधिक आहे. तरीही ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक कणांचा मोठा भाग पुढे जातो. म्हणून पात्यांवर टंगस्टन कार्बाइडचा लेप द्यावा लागतो आणि गाळ फार वाढला की वीजनिर्मिती थांबवावी लागते. सतलजचा सगळा गाळ हिमनद्यांचा नाही, दरडी आणि पावसाचा वाटाही मोठा आहे. यंत्राची झीज मात्र दोन्हींनी होते. भागीरथीवर २६०.५ मीटर उंचीच्या टिहरी धरणामागे नदीचा बहुतेक गाळ अडतो आणि जलाशयाची क्षमता हळूहळू घटत जाते.

हिमनद्या मागे हटत असताना मोकळे दगडगोटे आणि भुकटी उघडी पडते आणि पावसाबरोबर नदीत येते. त्यामुळे काल मोजलेल्या गाळावर उद्याच्या धरणाचा आराखडा बेतणे धोक्याचे आहे. हिमालयातील प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या वरच्या अंगाला पाण्याबरोबर गाळाचीही अखंड मोजणी व्हायला हवी, आणि त्या नोंदी सर्व अभ्यासकांना खुल्या असायला हव्यात.