घाणेवाडीचा गाळ, जालन्याचे पाणी

जालना शहराला पाणी दोन वाटांनी येते. एक वाट पैठणच्या नाथसागराची. जलाशय काठोकाठ भरला तरी त्याची पातळी 1,522 फूट, आणि जालना त्याहून उंचावर. म्हणजे तिथला प्रत्येक थेंब पंपाने चढवावा लागतो. दुसरी वाट घाणेवाडीची. कुंडलिका नदीवरचा हा निजामकालीन तलाव (कागदोपत्री संत गाडगेबाबा जलाशय) शहरापेक्षा उंच आहे, त्यामुळे तिथले पाणी विजेशिवाय, निव्वळ उताराने शहराकडे येते. थकलेल्या वीजबिलापायी बंद पडणाऱ्या पाणी योजना मराठवाड्याला नव्या नाहीत. त्यांच्या शेजारी ही जुनी योजना ठेवली, की बांधणाऱ्यांनी जमिनीचा चढउतार किती नीट वाचला होता ते कळते.

मात्र तलाव गाळाने भरतो. आजूबाजूच्या रानातली काळी माती पावसात सुटते, ओढ्यांबरोबर येते आणि संथ पाण्यात तळाशी बसते. तळ वर आला, की तलाव परातीसारखा होतो: पसारा मोठा, खोली कमी. बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागावरून होते, खोलीशी त्याला फारसे देणेघेणे नसते. भर उन्हाळ्यात इकडे दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडून जाऊ शकते. उथळ तलाव म्हणूनच आधी आटतो. गाळ काढला, की पृष्ठभाग तेवढाच राहून साठा वाढतो.

हिशेब ब्रासात करू. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. तेवढा गाळ निघाला, की साधारण 2,830 लिटर पाण्याची जागा होते. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर हा सरकारी निकष धरला, तर हे 21 माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. आणि ती जागा पुन्हा गाळाने भरेपर्यंत, तलाव भरेल त्या प्रत्येक वर्षी उपयोगी पडते.

जालनेकरांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या माध्यमातून हे काम हाती घेतले. शहराने खोदायचे, शेतकऱ्यांनी गाळ न्यायचा. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 मध्ये आली. जालन्यात त्याआधीच काम सुरू झाले होते. शेतकरी गाळ नेतो तो उपकार म्हणून नव्हे. मुरमाड, हलक्या जमिनीत पाणी थांबत नाही. गाळातली चिकणमाती ते धरून ठेवते, खतही वाहून जाऊ देत नाही. एरवी गाळ टाकायचा कुठे, हा शहरापुढचा प्रश्न असतो. इथे त्याला गिऱ्हाईक आहे. यापेक्षा सरळ व्यवहार मला तरी ठाऊक नाही.

खोदणाऱ्याने थांबायचे कुठे, हेही कळायला हवे. तळाची चिकणमाती पाझर रोखते. ती खरवडून मुरूम उघडा केला, की तलाव गळू लागतो. पोकलेनचा तासाचा दर जास्त, म्हणून खोल खणून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा.

आणि गाळ मुळात येऊ नये, ही खरी अक्कल. जालना तालुक्यातल्याच कडवंचीत 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने, गावकऱ्यांनी बांधबंदिस्ती आणि समतल चर केले. पाणी रानातच अडले, माती जागेवर राहिली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पुढे शेततळ्यांची चढाओढ लागली; विहिरीचे पाणी उपसून प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात साठवायचे, म्हणजे जमिनीखालचे पाणी उन्हात ठेवायचे. गावाने मिळून साठवलेले पाणी ज्याच्या त्याच्या तळ्यात जाऊ लागले, तर पाणलोटाचा अर्थच उरत नाही. उपशाचे नियमही गावानेच बसून ठरवावे लागतात.

जालना 2023 मध्ये महानगरपालिका झाली. आता विकास आराखडे होतील, रस्ते आणि वसाहती आखल्या जातील. घाणेवाडीचे पाणलोट क्षेत्र हद्दीबाहेर आहे म्हणून त्या नकाशातून वगळू नये. तिथल्या बांधांसाठी शहराने दरवर्षी पैसे ठेवावेत आणि ते कसे खर्चायचे, हे ठरवताना घाणेवाडीच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांना बैठकीत खुर्ची द्यावी.