27 महिने, 9 राक्षस

मे 1971 ते जुलै 1973. या 27 महिन्यांच्या अमेरिकन कॉमिक्सची मुखपृष्ठं तारखेने लावली, तर 9 भयपात्रं ओळीने उभी राहतात: मॅन-थिंग, स्वॅम्प थिंग, मॉर्बियस, ‘वेअरवुल्फ बाय नाइट’, मार्व्हलचा ड्रॅक्युला, घोस्ट रायडर, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, वेंडिगो आणि ब्लेड. पात्राच्या पदार्पणाचे अंक जमवणाऱ्याने हा काळ पाठच करावा.

एवढी गर्दी का झाली? 1954च्या ‘कॉमिक्स कोड’ या नियमावलीने रक्तपिपासू, नरवृक (वेअरवुल्फ) आणि झोंबी यांना बंदी केली होती. जानेवारी 1971मध्ये, म्हणजे सुमारे 16 वर्षांनी, ती सैल झाली. झोंबी मात्र तेव्हाही बाहेरच राहिले. सगळं श्रेय या नियमबदलाला देता येत नाही. मॅन-थिंग आला तो ‘सॅव्हेज टेल्स’ या कोडबाह्य नियतकालिकात, आणि स्वॅम्प थिंग तर ‘हाउस ऑफ सीक्रेट्स’ 92मधल्या जेमतेम 8 पानांच्या कथेत.

भाव ठरतो तो पात्राच्या पुढच्या कीर्तीवर. ‘हल्क’ 162मध्ये (एप्रिल 1973) वेंडिगो पहिल्यांदा दिसला, पण त्याच्यापेक्षा कितीतरी महाग आहे तो अंक 181 (नोव्हेंबर 1974). वेंडिगो त्यातही आहे, पण पैसे मोजले जातात वुल्व्हरिनसाठी. वुल्व्हरिन अंक 180च्या शेवटच्या चौकटीत डोकावून गेला होता, तरी बाजार 181लाच खरं पदार्पण मानतो. ‘वेअरवुल्फ बाय नाइट’च्या 43 अंकांतही मागणी 32व्याला, कारण त्यात मून नाइट अवतरला. 1974-75च्या या अंकांत आत एक छापील ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ असे आणि मुलं तो कापून घेत. तो गेला की किंमत कोसळते. त्यामुळे पैसे देण्याआधी पानं उलटून बघाच.

रायपूरच्या तेलीबांध्यात राहणाऱ्या मराठी वाचकाला मी मात्र वेगळी सुरुवात सुचवेन. 1986मध्ये राज कॉमिक्सचा नागराज आला. देहात असंख्य साप वागवणारा, विषारी फुंकर मारणारा आणि शस्त्र म्हणून विकायला घडवलेला हा नायक राक्षसांच्या पंगतीत सहज बसतो. त्याचे सुरुवातीचे अंक चितारले पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. ते हिंदीत निघाले, त्यामुळे छत्तीसगडच्या रद्दीत सापडण्याची आशा अधिक. मार्च 1964 ते 1990 या काळात 803 अंक निघालेल्या ‘इंद्रजाल’चा वेताळ मराठीतही होता. त्या मराठी प्रती मला अमेरिकन अंकांहून मोलाच्या वाटतात.

रायपूरला वर्षाला साधारण 1200 मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेलीबांध्यासारख्या तलावाकाठच्या वस्तीत दमट हवेने अंकांच्या पिना गंजतात, आणि लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद तर आपोआपच पिवळा पडतो. घरात असे अंक असतील, तर मृग लागण्याआधी ते आम्लरहित पुठ्ठ्यासह पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घाला आणि भिंतीपासून दूर ठेवा.